फ्लॉपीवरून चुकून डिलीट झालेली फाइल परत मिळते का?

१.४४ एमबीची, डॉस (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम) किंवा विंडोजवर वापरलेली फ्लॉपी असेल तर बहुतेक वेळा मिळते, फक्त डिलीट केल्यावर तिच्यावर नवीन काही लिहिलेलं नसावं. म्हणून आधी फ्लॉपी उलटी करून कोपऱ्यातली छोटी पट्टी सरकवा. भोक उघडं दिसलं की लिहिणं बंद. (जुन्या, मोठ्या सव्वापाच इंची फ्लॉपीचं नेमकं उलटं, तिथे कडेची खाच झाकायची.)

डॉस फाइल पुसतं म्हणजे नावाच्या पहिल्या अक्षराजागी ई५ हा कोड टाकतं आणि एफएटी तक्त्यात (कोणत्या फाइलचे तुकडे कुठे आहेत याची फ्लॉपीवरचीच नोंद) तिची जागा रिकामी दाखवतं. मजकूर, आकार, सुरुवातीची जागा सगळं तसंच असतं. म्हणूनच १९९१च्या एमएस-डॉस ५.० मधली अनडिलीट कमांड पहिलं अक्षर तुम्हालाच विचारते! पण ती थेट फ्लॉपीवरच लिहिते, त्यामुळे आज मी ती वापरणार नाही. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावा, लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने फ्लॉपीची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा आणि डिलीट झालेल्या फाइल शोधणारा टेस्टडिस्क हा प्रोग्रॅम त्या इमेजवर चालवा. मध्येच विंडोजने ‘फॉरमॅट करू का’ विचारलं तर नाही म्हणा. फ्लॉपीवर ५१२ बाइटचे २,८८० सेक्टर, म्हणजे छोटे कप्पे, असतात. त्यातले दोनचार वाचले गेले नाहीत तर साध्या टेक्स्ट फाइलचं फार बिघडत नाही, झिप फाइलचं मात्र बिघडतं. दुसऱ्या ड्राइव्हमध्येही घालून बघा, कधीकधी तिथे वाचली जाते.

एकच अडचण: फाइल तुकड्यातुकड्यांत साठवलेली असेल तर एफएटी तक्त्यातली तुकड्यांची साखळी पुसली गेलेली असते, आणि पहिल्या तुकड्यानंतर भलताच मजकूर येऊ शकतो.