पाय वरचेवर मुरगळतो, एक्स-रे मात्र नॉर्मल

वाचकांचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरं

प्रश्न : ताई, माझं वय 33. चिपळूणजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. माझे दोन्ही पाय कॉलेजपासून मुरगळतात. आधी खड्ड्यात पाय पडला की मुरगळायचा, आता शाळेच्या सपाट व्हरांड्यातही मुरगळतो. सूज चार दिवसांत उतरते, पण ठणका राहतो आणि दुपारनंतर वर्गात उभं राहवत नाही. एक्स-रे दोनदा काढला, काही निघालं नाही. एका डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं (माझं वजन 52 किलो आहे!), दुसऱ्यांनी लिगामेंटचं ऑपरेशन सुचवलं. सासूबाई आंबेहळदीचा लेप लावतात, त्याने बरं वाटतं. योगवर्गात मात्र सगळ्याजणी माझं कौतुक करतात, कारण गुडघे न वाकवता माझे तळवे सहज जमिनीला टेकतात. हाताचे अंगठे मनगटाला लागतात, करंगळ्या सरळ उभ्या मागे जातात. माझी सात वर्षांची मुलगीही तशीच आहे. ती भरतनाट्यम शिकते. तिचा क्लास बंद करू का? आणि माझ्या पायांचं काय करू?
— एक शिक्षिका, चिपळूण तालुका

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तुम्ही कौतुक म्हणून लिहिली आहे. तळवे जमिनीला टेकणं, अंगठा मनगटाला लागणं, करंगळी मागे जाणं या तिन्ही गोष्टी आम्ही तपासणीत मुद्दाम करून बघतो. या मोजणीला बायटन स्कोअर म्हणतात. पीटर बायटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये ती आजच्या रूपात मांडली. एकूण गुण नऊ. दोन करंगळ्या, दोन अंगठे, दोन कोपरं, दोन गुडघे यांचा प्रत्येकी एक आणि तळव्यांचा एक. तुमचे पाच गुण पत्रातच झाले. कोपरं आणि गुडघे सरळ करताना उलट्या बाजूला झुकतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घरी आरशासमोर बघा. पन्नाशीच्या आतल्या मोठ्या माणसात पाच किंवा जास्त गुण म्हणजे सांधे सर्वसाधारणापेक्षा सैल, हायपरमोबाइल. गंमत अशी की या नऊ गुणांत घोटा कुठेच नाही. त्यामुळे घोट्याची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाची करंगळी बघायचं कुणाला सुचत नाही.

आता एक्स-रे. खाटेची नवार सैल पडली असेल तर लाकूड कितीही तपासा, ते धडच निघणार. एक्स-रेत हाडं दिसतात आणि तुमची हाडं चांगली आहेत. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे, आहेत. त्यांतलं पुढचं सगळ्यात कमजोर, पाऊल आत वळून मुरगळलं की पहिला मार त्यालाच बसतो. तुमच्यासारख्या माणसांत ही लिगामेंट मुळातच जास्त ताणली जातात, कारण ती कोलॅजेन नावाच्या ज्या प्रथिनाची बनतात त्याची घडणच थोडी वेगळी असते. म्हणून इतरांचं पाऊल जिथे अडतं, तिथे तुमचं आणखी पुढे जातं.

पण सपाट व्हरांड्यात पाय का मुरगळावा? त्याचं कारण फक्त सैलपणात नाही. पाऊल कुठल्या कोनात आहे याची खबर सांध्याभोवतीच्या मज्जातंतूंकडून मेंदूला सतत जात असते आणि त्यावर नडगीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू पाऊल सावरून धरतात. पुन्हा पुन्हा मुरगळलेल्या, त्यातून सैल असलेल्या घोट्यात ही खबर उशिरा आणि अंधुक पोचते. स्नायू जागे होईपर्यंत पाय वळलेला असतो. फ्रीमन नावाच्या ब्रिटिश सर्जननी 1965 मध्येच हे दाखवलं होतं आणि डगमगत्या फळीवर तोल सांभाळण्याचा सराव दिला की पाय दगा देण्याचं प्रमाण घटतं, हेही. साठ वर्षं होऊन गेली, तरी आपल्याकडे पाय मुरगळलेल्या माणसाच्या हाती क्रेप बँडेज आणि गोळ्यांची पट्टीच पडते.

दुपारनंतरच्या दुखण्याचा हिशोबही इथेच लागतो. लिगामेंटचं काम दिवसभर स्नायू करत राहतात आणि दुपारी दमतात. पोटऱ्या आवळल्यासारख्या वाटतात, म्हणून तुम्ही त्या ताणत असणार. बहुतेक सगळेच ताणतात. ताणल्यावर घटकाभर छान वाटतं आणि तासाभरात पुन्हा तेच. ती पोटरी आखूड झालेली नाही, ती राखणीला उभी आहे. तिला ताणून तिची राखण मोडू नका, तिला बळ द्या. योगवर्गाबद्दलही हेच. वर्ग सोडायची गरज नाही, पण प्रत्येक आसनात तुमची हद्द येते त्याच्या बरंच अलीकडे थांबा आणि तिथे स्नायू घट्ट धरून राहा. कौतुक कमी होईल. होऊ द्या. वज्रासन मात्र सध्या बंद, कारण त्यात पाऊल पूर्ण ताणून त्यावर अंगाचा भार येतो. जमिनीवर मांडी घालतानाही पावलं आत वळून बाहेरचा घोटा फरशीवर दाबला जातो, म्हणजे जे लिगामेंट आधीच सैल आहे तेच तासभर ताणून धरलेलं. हळदीकुंकवाला, पूजेला बसायचं तर खाली पाट किंवा जाड घडी घ्या आणि पाय बदलत राहा.

वर्गात कशा उभ्या राहता तेही एकदा बघा. सैल सांध्यांची माणसं गुडघे मागे कुलूप लावल्यासारखे ताठ करतात आणि एक पाऊल बाहेरच्या कडेवर कलतं टाकून उभी राहतात. त्यांना तो आराम वाटतो. प्रत्यक्षात सगळा भार लिगामेंटवर लोंबकळत असतो. गुडघे किंचित सैल सोडा आणि टाच, अंगठ्याचा उंचवटा, करंगळीचा उंचवटा असे तिन्ही टेकू जमिनीला लागू द्या. फळ्यापाशी एक स्टूल ठेवा. शिक्षिका बसून शिकवते म्हणून कुणी नावं ठेवली तर ठेवू दे.

व्यायाम फार नाहीत, पण ते महिनोन्‌महिने करायचे आहेत. पहिला, स्वयंपाकाच्या ओट्याशी एका पायावर उभं राहणं, ओट्याला फक्त एक बोट लावून. वीस-तीस सेकंद, दोन्ही पायांवर, रोज. बोट न लावता जमायला लागलं की उभ्या उभ्या मान डावी-उजवीकडे वळवा. त्यानंतर डोळे मिटून, तेही भिंतीला लागूनच. दुसरा, टाचा उचलणं. दोन टाचांच्या मध्ये मुलीचा लहान चेंडू धरा आणि तो पडू न देता वर-खाली व्हा. चेंडू निसटला तर समजा घोटे बाहेर वळताहेत. तिसरा, खुर्चीत बसून रबरी पट्टा दोन्ही पावलांभोवती घालून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलणं, आणि परत येताना सावकाश येणं. परत येण्याचा भाग लोक उरकून टाकतात, खरं काम तिथेच होतं. दुसरा आणि तिसरा एक दिवस आड. दुसऱ्या दिवशी दुखणं नेहमीपेक्षा वाढलेलं असलं तर संख्या निम्मी करा, बंद करू नका. साध्या मुरगळण्यात सहा-आठ आठवड्यांत फरक कळतो. सैल सांध्यांत मी तीन-चार महिने धरून चालते.

पायात काय घालता ते लिहिलं नाहीत, पण कोकणातला पावसाळा आणि सपाता ही जोडी माझ्या डोळ्यांसमोर आहे. अंगठ्यात अडकवायची चप्पल मागून मोकळी असते, ती टिकवायला बोटं सतत आवळावी लागतात आणि टाच हवी तशी घसरते. मागे पट्टा असलेली रबरी पावसाळी सँडल घ्या, टाच रुंद आणि बसकी. कोरड्या दिवसांत नाडीचे बूट, ज्यांचा टाचेमागचा भाग दाबला तरी दबत नाही. वर्गाबाहेर चप्पल काढायची पद्धत असेल तर आत घालायला वेगळी जोडी ठेवा आणि मुख्याध्यापकांना कारण सांगा. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, ते पावसाआधी आणि मध्ये एकदा ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढा. एका बाजूला धरायला पाइप बसवून घेतलात तर तो खर्च औषधांपेक्षा स्वस्त पडेल. लेस बांधायचा घोट्याचा सपोर्ट मिळतो, तो खडबडीत वाटेवर आणि उभं राहायच्या तासांना जरूर घाला. त्याने स्नायू कमजोर होतात ही भीती मनात ठेवू नका, व्यायाम चालू आहे तोवर होत नाहीत.

आंबेहळदीचा लेप लावा, सासूबाईंना नाही म्हणू नका. फक्त ताज्या मुरगळलेल्या पायाला कुणाकडूनही जोरात चोळून किंवा झटका देऊन ‘बसवून’ घेऊ नका. त्या वेळी फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, पाय उशीवर. पुढच्या खेपेला मुरगळल्यावर चार पावलंही टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड अथवा टोक दाबल्यावर कळ आली, तर मात्र पुन्हा एक्स-रे काढायचा, आधीचे दोन नॉर्मल होते म्हणून टाळायचा नाही. सांधा आत अडकल्यासारखा होत असेल तर एमआरआयबद्दल विचारा.

ऑपरेशनचं म्हणाल तर ते खोटं नाही, फक्त आत्ता नको. ब्रॉस्ट्रम नावाच्या स्वीडिश सर्जननी 1966 मध्ये वर्णन केलेली पद्धत आजही वापरतात. तिच्यात माणसाचं स्वतःचंच लिगामेंट आवळून शिवतात. तुमचं लिगामेंट मुळात ताणलं जाणारं, तेव्हा शिवलेलंही पुन्हा सैल पडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. म्हणून अशा रुग्णांत काही सर्जन जोडीला मजबूत धाग्याची पट्टी बसवतात. मनापासून केलेल्या व्यायामानंतरही पाय दगा देत राहिला, तर हा विचार करा आणि सर्जनना तुमचे बायटनचे गुण आधी सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

आणखी काही गोष्टी तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, असल्यास. खांदा किंवा गुडघ्याची वाटी निखळणं, हर्निया, सहज पडणारे मोठे वण, उभं राहिल्यावर चक्कर आणि धडधड, घरात कुणाचा तरुण वयात महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फुटून झालेला मृत्यू. या खुणा एलर्स-डॅनलॉस सिंड्रोम या सैल सांध्यांच्या आनुवंशिक आजाराच्या असू शकतात. त्याचे 2017 च्या वर्गीकरणात तेरा प्रकार आहेत. त्यांतल्या हायपरमोबाइल प्रकाराचं जनुक अजून सापडलेलं नाही, त्यामुळे त्याचं निदान रक्ततपासणीने नाही, तपासूनच होतं. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ सांधे आखडत असतील तर प्रश्न वेगळा, तेव्हा संधिवाताच्या डॉक्टरांना भेटा.

मुलीचा क्लास बंद करू नका. लहान मुलं लवचिकच असतात, म्हणून त्यांच्यात सहा गुणांची रेघ धरतात, आणि गुण असूनही काहीच न दुखणारी मुलं पुष्कळ. दुखत नसेल तर तो आजार नाही. अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसण्याच्या स्थितीत) बसताना गुडघे पावलांच्या रेषेत राहतात का आणि पावलांची कमान आत कोसळते का, एवढं गुरूंना बघायला सांगा. पाय जोरात आपटण्याचा सराव सिमेंटच्या फरशीवर नको. ‘किती वाकते बघा’ म्हणून पाहुण्यांसमोर अंगठा मनगटाला लावून दाखवायला लावणं मात्र आजपासून बंद. ताकदीचे खेळ तिला हवेतच. पोहणं उत्तम, आणि तुमच्याकडे पाण्याची काय कमी!

प्रश्न : वय 54, पुणे. तरुणपणापासून सांधे सैल, उजवा घोटा सहज मुरगळतो. यंदा ज्ञानोबांच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालायचं आहे. वाटेत अनवाणी चालण्याचा नवस आहे. चालू का?
— एक वाचक

उत्तर : चाला, पण नवसाबद्दल विठोबाशी थोडं बोलून घ्या. सैल घोट्याला गर्दीतली, चिखलातली, खडीची वाट अनवाणी झेपणार नाही. पंढरपुरात शिरताना वहाणा काढल्यात तरी तो मानून घेईल.

पुणे ते सासवड हा मोठा टप्पा सुरुवातीलाच येतो आणि त्यात दिवे घाटाची चढण. चढावर लोक घाबरतात. पण पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा दमल्यावर, संध्याकाळी, मुक्कामाच्या शेतात ढेकळांतून चालताना. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर सपोर्ट लगेच सोडू नका, तंबूत टेकल्यावरच सोडा. सासवडला पालखी दोन रात्री असते, त्या मधल्या दिवशी खरोखर पाय वर करून पडा, गाव बघायला हिंडू नका. वरच्या उत्तरातले व्यायाम आत्ता सुरू केलेत तरच आषाढापर्यंत उपयोग होईल. लेसचा सपोर्ट आणि बूट दोन्ही आत्ताच विकत घ्या आणि रोजच्या फिरण्यात, मोज्यावर चढवून, वापरून मऊ करा. आळंदीत पहिल्यांदा घातलेत तर पुण्यात येईपर्यंत फोड आलेले असतील.