दप्तरातला चाकू आणि वजनाचा काटा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा आठवीत, अंगाने जाड, न्यू जर्सीची शाळा, आणि परवा त्याच्या दप्तरात फळं कापायची सुरी सापडली. त्यात तुम्ही कुठेसं वाचलंत की लठ्ठ मुलं शस्त्र जास्त बाळगतात.

आधी हे वाचलेलं बाजूला ठेवू. अमेरिकेत असले निष्कर्ष बहुधा सीडीसीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या, पाहणीतून निघतात. १९९१ पासून साधारण दर दोन वर्षांनी नववी ते बारावीच्या मुलांना प्रश्नावली देतात. स्वतःची उंची, वजन, शाळेत कुणी छळलं का, गेल्या ३० दिवसांत शस्त्र जवळ होतं का, सगळं मुलंच एका बैठकीत लिहून देतात. आधी काय घडलं आणि नंतर काय, हे त्यातून कळायचं कसं? शिवाय शाळेत शस्त्र आणल्याचं सांगणारी मुलं १९९३ मध्ये ११.८ टक्के होती, २०१९ मध्ये २.८. याच काळात मुलांमधला लठ्ठपणा मात्र वाढत गेला.

मला पटलेला अभ्यास वेगळा आहे. २०१५ च्या याच आकड्यांवर बालरोगतज्ज्ञांनी केलेला. नुसती चिडवली गेलेली मुलं शस्त्र बाळगण्यात इतरांच्या पुढे नव्हती. पण ज्यांना चिडवण्यासोबत शाळेत धमकी किंवा इजा झाली होती, मारामारी झाली होती, किंवा जी भीतीने शाळा बुडवत होती, त्यांच्यात प्रमाण चढत गेलं. म्हणून काटा सोडा, आणि या तिन्ही गोष्टी त्याला एकेक करून विचारा. सोमवारी पोट दुखतं का, हेही बघा. आणि जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, तेही सरळ विचारा. विचारल्याने तो डोक्यात घुसत नाही. ‘हो’ म्हणाला तर रात्री-अपरात्रीही ९८८ या आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनवर फोन लावा.

सुरी आजपासून कुलपात. तिच्याबद्दल शाळेशी बोलण्याआधी वकिलाला गाठा, कारण शस्त्र म्हटलं की इथे प्रकरण थेट पोलिसांपर्यंत जातं. त्याचा छळ होतोय असं कळलं, तर त्याची तक्रार मात्र लगेच करा, आणि लेखी करा. न्यू जर्सीत २०११ पासून यासाठी कडक कायदा आहे. प्रत्येक शाळेत त्यासाठी नेमलेली व्यक्ती असते, तक्रारीनंतर शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू व्हावी लागते आणि शाळेच्याच दहा दिवसांत संपवावी लागते. माझ्या मुलाचा छळ झाला तेव्हा मी मुख्याध्यापकांशी गोड गोड बोलून आले. कागद नाही, म्हणून काही झालंही नाही.

आता थोडं कडू. गणपतीला जमलेल्या मावश्या-काकवा ‘काय रे, किती सुटलास!’ म्हणतात, घरात आपण लाडाने ‘ढब्बू’ म्हणतो. शाळेत तेच ऐकून आलेल्या पोराला घरी हे कसं लागत असेल? ते बंद करा, पाहुण्यांनाही सांगा. वजनाचं डॉक्टरांशी बोला, पण या महिन्यात नको. आत्ता डाएट लावलंत तर ‘चूक माझीच’ हे त्याच्या मनात पक्कं होईल.

त्याला ‘कोण?’ विचारू नका, नावं सांगायला मुलं घाबरतात. ‘कुठे?’ विचारा. बस, कॅफेटेरिया, कॉरिडॉर? माझ्या मुलाच्या बाबतीत ती जागा जिमची कपडे बदलायची खोली निघाली. मला ते कळायला चार महिने लागले, आणि ते चारही महिने मी त्याच्या डब्यात गाजर-काकडी भरत होते.