माळ्यावरची ट्रंक आणि मेलबर्नचं भाड्याचं घर

तू लिहिलंयस, नवऱ्याला मेलबर्नला नोकरी लागली, तीन महिन्यांत निघायचंय. आठवीपासून ‘आपल्या घरासाठी’ म्हणून एकेक वस्तू करून, मागून, जमवून ठेवलीस: क्रोशाची तोरणं, कसुतीच्या भरतकामाचे अभ्रे, दोन वाकळा (त्यातली एक अर्धी), आजीची पितळी भांडी, रुखवतातलं निवडक. खानापुरात माळ्यावर पत्र्याची ट्रंक भरून बसलीय आणि घर काही अजून झालेलं नाही. आता सगळं न्यावं, की तिकडं घर घेतल्यावर न्यावं? शिवाय भाऊ सागवानाची नावाची पाटी करून देतो म्हणतोय, ती घेऊ का?

ताई म्हणून विचारलंस, म्हणून मीही अगंतुगं करते. मी बेळगावातल्या शहापूरची. इथं 12 वर्षं झाली, त्यातली 8 भाड्याच्या घरात, आणि तीही तीन ठिकाणी.

‘घर घेतल्यावर नेऊ’ हे आधी डोक्यातून काढ. मी तेच केलं होतं. चौथ्या वर्षी आईनं ट्रंक उघडली तर माझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर घडीच्या रेषांवर बरोबर गंजाचे डाग. खानापूरचा पाऊस तर शहापूरपेक्षा जास्त, तुला काय सांगायचं! कापड पत्र्याला टेकू देऊ नये, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळावं, हे आजीला माहीत होतं. मला नव्हतं.

पण सगळं आणूही नको. आणि आणशील ते एकेक उलगडून बघ. कपड्यांच्या घडीत कसर लागू नये म्हणून आपण कडुनिंबाचा पाला घालतो ना, तो पानन्‌पान झटकून काढ. ऑस्ट्रेलियात वनस्पती, बिया, माती, प्राण्यांपासूनचे पदार्थ यांचे नियम फार कडक आहेत. विमानातच एक कार्ड भरायला देतात. शंका असेल तिथं ‘हो’ लिहायचं. सांगितलं तर ते तपासतात, फार तर वस्तू ठेवून घेतात. लपवलं आणि सापडलं तर दंड.

माझ्या रुखवतातली सप्तपदी मी आणली होती. पुठ्ठ्यावर सात पावलं, रंगवलेले तांदूळ एकेक करून चिकटवलेले, प्रत्येक पावलावर सुपारी. मावशीच्या दोन मुली आणि मी, तीन रात्री बसलो होतो. कार्डावर लिहिलं होतं म्हणून दंड झाला नाही. तपासणाऱ्या बाईनं हातमोजे घालून ती उचलली, फार सुंदर आहे म्हणाली आणि टाकायच्या डब्यात ठेवली. चूक माझीच, बिया म्हणजे पेरायच्या तेवढ्याच असं मी धरून चालले होते. तेव्हा तांदूळ, डाळी, सुपारीचे भटजी-बाहुल्या, बियांच्या माळा यांचे फोटो काढ आणि वस्तू तिथंच कुणाच्या तरी लग्नात मांडायला दे. मोरपीस तर भारतातूनच बाहेर न्यायला बंदी आहे. आणि कुंदा दुधाचा, त्यामुळे तोही नाही. निघायच्या आदल्या दिवशी पोटभर खाऊन घे.

कापड मात्र आण. वजनाला हलकं, फुटत नाही आणि घर कसंही असलं तरी खपतं. कसुतीचे अभ्रे सगळे आण. दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी, गाठ न मारलेली गवंती, म्हणजे कसुतीतला टाका, इथं कुणाला दाखवली की उलटी करून बघत बसतात. तोरणांना आधी टेप लाव. आमच्या शहापूरच्या दोन फळ्यांच्या दारासाठी मी 44 इंचांचं विणलं होतं. इथं खोलीचं दार बहुतेक 82 सेंटिमीटरचं, म्हणजे 32 इंच. माझं तोरण दोन्हीकडून लोंबत राहिलं, शेवटी खिडकीला गेलं. ज्याचं सुताचं रीळ अजून हाताशी आहे, ते तोरण आत्ताच कमी करून घे.

आता वाकळ. पुरी झालेली आण, आणि दुसरीही आण, पण ती पुरी करू नको, अर्धीच राहू दे. अर्धी आणायला लाजू नको, मी तर म्हणते तीच मोलाची. आपल्याकडं वाकळ एका माणसाच्या मापाची, साडेचार बाय साडेसहा फूट. इथला दोघांचा क्वीन पलंग 153 बाय 203 सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट रुंद, आणि दोन्हीकडं खाली उतरायला हवी तर सात फूट तरी लागते. कडा शिवून आणलीस तर रात्रभर ओढाओढी. कडा मोकळ्या ठेव, सोबत आईची, आजीची, सासूबाईंची दोन-दोन लुगडी आण, इथं पलंग घेतलास की बाजूंनी वाढव. आतल्या थरात सुतीच घाल. सिंथेटिक साडी आत सरकते, धावदोऱ्याच्या ओळी वाकड्या होतात. चारच थर पुरेत. माझी पाच थरांची ओली झाल्यावर मशीनमध्ये फिरेना, न्हाणीघरातल्या टबात तुडवून धुतली, भर जुलैत, म्हणजे इथल्या थंडीत. कोपऱ्यांना हल्याळकडच्या सिद्दी बायका कवंदीला, म्हणजे त्यांच्या गोधडीला, घालतात तशी घडीची फुलं घालायची असली तर ती शेवटी, माप ठरल्यावर.

पितळी भांड्यांत फार भावनेच्या आहारी जाऊ नको. पितळ आणि तांबं इंडक्शनवर तापतच नाही, आणि व्हिक्टोरियात 1 जानेवारी 2024 पासून नियोजन परवाना लागणाऱ्या नव्या घरांना गॅस नाही. भाड्यानं नवं घर मिळालं तर पातेली नुसती मांडून ठेवायची. शिवाय कल्हई. इथं कल्हईवाला गल्लीतून हाक मारत येत नाही, आणि कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी-सार करायचं नाही. मी समई, ताम्हण, पळी-पंचपात्र आणि लहान खलबत्ता एवढंच आणलं. परात आईकडंच आहे, तिथं ती रोज वापरात आहे. पाटा-वरवंटा, जातं यांचा विषयच नको. मिक्सर आण, विजेचा दाब आपल्याच इतका आहे, फक्त पिन वेगळी. खानापुरी मडकं आणायचंच असेल तर कोरं, माती-धूळ नसलेलं. तुळशीवृंदावनात ठेवलेलं नाही.

आजीचं भांडं म्हणतेस, ते किती जुनं? 1972 च्या कायद्यानं 100 वर्षांवरची कलावस्तू आणि 75 वर्षांवरची हस्तलिखित पोथी खासगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही. साध्या पातेल्याला कुणी अडवणार नाही, पण जुन्या देवाच्या मूर्ती असतील तर पुरातत्त्व खात्याकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला आधीच घे. नसेल मिळत तर देव देव्हाऱ्यात राहू देत. दागिन्यांचं उलट, ते परत आणताना प्रश्न येतो. जाताना भारतीय विमानतळावर कस्टमकडून निर्यात दाखला करून घे. त्यासाठी नेहमीपेक्षा तासभर आधी पोच.

बोटीनं पाठवायचा विचार दिसतोय. एका ट्रंकेसाठी मला तो परवडला नसता. पाठवलंच तर लाकडी खोक्यावर प्रक्रिया केल्याचा शिक्का हवा, नाहीतर बंदरावर अडकतं.

राहिली पाटी. ती घे. मराठी पाटीवरून आपण सीमाभागातल्यांनी, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हापासून, म्हणजे 1956 पासून काय काय बघितलं, ऐकलं, ते तुला नव्यानं सांगायला नको. इथं दाराला नुसता आकडा असतो. आता आमच्या दारावर आकड्याखाली देवनागरीत काय लिहिलंय हे एकदा टपाल टाकणाऱ्यानं कौतुकानं विचारलं, बाकी कुणी नाही. भावाला सांग, लाकडाला साल अजिबात नको, भोकं-भुगा नको, नीट घासून पॉलिश कर, आठ इंचांहून रुंद नको, म्हणजे हातातल्या बॅगेत बसते. कार्डावर ‘लाकूड’ म्हणून लिही, दाखव, देतात. 2021 पासून व्हिक्टोरियात भाडेकरूला घरमालकाला न विचारता भिंतीला हूक लावता येतं, फक्त विटांच्या उघड्या भिंतीवर नाही, आणि भाड्याच्या घरात आमच्या दाराशेजारी नेमकी तीच होती. त्यामुळे पाच वर्षं आमची पाटी दाराच्या आत, चपलांच्या कपाटावर भिंतीला टेकवून होती. येणारा आधी चपला काढायचा, मग खाली वाकल्यावर नाव वाचायचा.