वाचकांचे प्रश्न : काट्यावरच्या संगणकासाठी कोणते लिनक्स?

प्रश्न : रावेर तालुक्यात आमचा केळी खरेदीचा काटा असून तेथील संगणकावर पावत्या व शेतकऱ्यांचे हिशेब ठेवले जातात. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्याने लिनक्स बसवायचे आहे. जळगावला अभियांत्रिकी शिकणारा भाचा ‘आर्च’ हा लिनक्सचा प्रकार सुचवतो. ‘डेबियन’ या दुसऱ्या प्रकारातील सॉफ्टवेअर जुने व म्हणून असुरक्षित असते, असे त्याचे म्हणणे आहे. काय निवडावे?
— एक वाचक, रावेर

उत्तर : आपण डेबियनच घ्यावे. जुने म्हणजे असुरक्षित, हा भाच्याचा समज बरोबर नाही. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत एखाद्या प्रोग्रॅममध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली, तर सहसा नवा प्रोग्रॅम न देता तेवढी दुरुस्तीच जुन्या प्रोग्रॅममध्ये बसवली जाते. त्यामुळे आवृत्तीचा क्रमांक जुना दिसला तरी भगदाड बुजलेले असते आणि पावतीचा छापील नमुना आज होता तसाच उद्याही राहतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला अशा दुरुस्त्या एकूण सुमारे पाच वर्षे मिळतील.

आर्चमध्ये टप्प्याटप्प्याच्या आवृत्त्या नसतात, नवे सॉफ्टवेअर सतत येत राहते. ते काही निष्काळजीपणे केलेले काम नव्हे. मात्र अद्ययावत करण्यापूर्वी प्रकल्पाच्या सूचना वाचाव्यात आणि केले तर सगळेच अद्ययावत करावे, अर्धवट करू नये, अशी वापरणाऱ्याकडून अपेक्षा असते. भाच्याच्या लॅपटॉपवर ते शोभते, त्यातून तो शिकेलही. पण ऐन हंगामात ट्रक भरून उभा असताना संगणक सुरू झाला नाही, तर भाचा जळगावात आणि आपण काट्यावर, अशी स्थिती होईल. शिवाय अद्ययावत होत असतानाच वीज गेली तर कोणतेही लिनक्स अडचणीत येऊ शकते, आणि आर्चमध्ये हे काम वारंवार करावे लागते. तेव्हा इन्व्हर्टर असल्याखेरीज त्या वाटेला जाऊच नये. भाच्याला ताजेपणाचाच आग्रह असेल, तर ओपनसुसे प्रकल्पाचे ‘टम्बलवीड’ हे सतत अद्ययावत होणारे लिनक्स त्याने पाहावे; नेहमीच्या मांडणीत तेथे बिघाड झाल्यास आदल्या स्थितीवर परतता येते.

संगणक ३२-बिटी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरचा, असेल तर मात्र डेबियन १३ त्यावर बसवता येणार नाही. निर्णयापूर्वी डेबियन पेनड्राइव्हवरून नुसते चालवून पावतीचा प्रिंटर छापतो का, हे पाहावे. काट्याचे वजन संगणकात घेणारे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालणारे असेल, तर ते पुरवणाऱ्याशी आधी बोलावे. तो पर्याय देत नसेल तर हा संगणक विंडोजवरच ठेवावा लागेल.