नाताळसाठी फ्रूट केक, कुकीज आणि जिंजरब्रेडचं (सुंठ-मसाल्याच्या बिस्किटाचं) घर घरीच करायचं आहे. कशाला किती आधी सुरुवात करावी?

आधी एक सांगतो: २४ तारखेला ओव्हनमध्ये काहीही भाजायचं नाही असं ठरवून टाका. त्या दिवशी फक्त सजावट.

तुम्ही लिहिलंय की मदतीला दोन लहान मुलं आहेत, आणि मागच्या खेपेला केकमधली फळं तळाशी बसली, कुकीज पसरून एकमेकींना चिकटल्या. त्यामुळे वेळापत्रकाबरोबर या दोन दुखण्यांबद्दलही लिहितो.

सगळ्यात आधी फ्रूट केक, शक्यतो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. हा केक ताजा खाण्यात काही मजा नाही. पहिल्या दिवशी कापला तर भुगा होतो आणि लवंग-जायफळ वेगळं, फळं वेगळी लागतात. तीन-चार आठवडे मुरला की सगळं एकजीव होतं. टिकतो कारण सुक्या मेव्यात आणि साखरेत पाणी बांधलं गेलेलं असतं, जंतूंना मोकळं पाणी मिळत नाही. वरून रम किंवा ब्रँडी असतेच. २० सेंटीमीटरच्या गोल टिनासाठी माझं प्रमाण: बटर, ब्राउन शुगर आणि मैदा प्रत्येकी २२५ ग्रॅम, चार अंडी, आणि बेदाणे, काळे मनुके, चेरी, संत्र्याची पाकवलेली साल असं मिळून साधारण ७५० ग्रॅम. फळं आदल्या रात्री १०० ते १५० मिली रम किंवा ब्रँडीत भिजवायची. टिनाला आतून बटर पेपरचे दोन थर, ओव्हन १५० अंशांवर, आणि धीर धरून तीन तास. वरचा भाग लवकर काळवंडायला लागला तर कागद झाकायचा. पूर्ण गार झाल्यावर बटर पेपर आणि त्यावर फॉइल गुंडाळून घट्ट डब्यात. आठवड्यातून एकदा सुईने भोकं पाडून चमचाभर रम पाजायची.

दारू चालत नसेल तर संत्र्याच्या रसात भिजवा, पण मग हा केक महिनाभर बाहेर ठेवता येणार नाही. नाताळच्या आठवड्यातच करा, नाहीतर करून फ्रीझरमध्ये टाका. आणि दारू घातली असेल तर पाहुण्यांना आधी सांगा. भाजताना ती सगळी उडून जाते हा गैरसमज आहे, आणि वरून पाजलेली तर बरीचशी आतच राहते.

आता फळं तळाशी बसण्याबद्दल. फळांना मैदा चोळा, असं सगळे सांगतात. थोडा उपयोग होतो, नाही असं नाही, पण खरं कारण मिश्रण पातळ असणं. चमचा उचलला की मिश्रण धारेसारखं ओघळत असेल तर कितीही मैदा चोळा, चेरी खालीच जाणार. चमच्यावरून थबकन पडेल इतकं दाट हवं. चेरीवरचा पाक धुऊन फडक्यावर कोरडी करा आणि अर्धी कापा. भिजलेल्या फळांतला जास्तीचा रस निथळून घ्या. अंडी फ्रीजमधून थेट घालू नका. बटर आखडतं आणि मिश्रण फाटतं. फाटलंच तर मोजलेल्या मैद्यातला एक चमचा घालून फेटा, सावरतं.

कुकीजचं कारण वेगळं आहे. बटर अंगाच्या उष्णतेलाही वितळतं, आणि मैद्याचा सांगाडा घट्ट व्हायला त्याहून बराच जास्त ताप लागतो. मधल्या वेळात कुकी पसरते. म्हणून ती ओव्हनमध्ये थंडगारच गेली पाहिजे. शॉर्टब्रेडचं, म्हणजे साध्या बटर कुकीचं, प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: साखर १००, बटर २००, मैदा ३०० ग्रॅम, चिमूटभर मीठ. साच्याने कापायच्या कुकीत बेकिंग पावडर नकोच. ताऱ्याची टोकं बोथट होतात. गोळा थंड करून मग दगडासारखा लाटत बसण्यापेक्षा मऊ असतानाच दोन बटर पेपरच्या मध्ये लाटा, ती पोळी तशीच आडवी फ्रीजमध्ये ठेवा, कडक झाली की साचे मारा. तुकडे अलगद सुटतात आणि वरून मैदा भुरभुरावा लागत नाही. १६५ अंशांवर कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत भाजायच्या. दुसरा घाणा गरम ट्रेवर कधीही मांडू नका. ओव्हनमध्ये जायच्या आधीच बटर सुटायला लागतं.

लाटलेल्या पोळ्या फ्रीझरमध्ये महिनाभर आरामात राहतात. मुलांना त्याच द्या. लाटण्यात त्यांचा जीव रमत नाही, साचे मारण्यात रमतो. फक्त कच्चं पीठ चाखू देऊ नका. अंड्यांइतकाच कच्च्या मैद्यातूनही त्रास होऊ शकतो.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा स्टोलन नावाचा नाताळचा गोड पावही असाच मुरवून खातात. भाजून गरम असतानाच त्याला वितळलेलं बटर भरपूर माखतात आणि पिठीसाखरेत घोळवतात, त्या थरामुळे आतला ओलावा आतच राहतो. नाताळच्या आधीच्या उपवासाच्या काळात तिथे लोणी वर्ज्य होतं, त्यामुळे तो तेलात करत. १४९१ साली पोप इनोसंट आठवे यांनी लोण्याला परवानगी दिली. बटर कमी करून 'हलका' केक विचारणाऱ्यांना मी ही गोष्ट ऐकवतो.

जिंजरब्रेडचं घर या वर्षी गाळलंत तरी चालेल असं माझं मत आहे, पण मुलांना कबूल केलं असेल तर भिंती आठवडाभर आधी भाजून ठेवा. ट्रे बाहेर काढल्याबरोबर, पीठ गरम असतानाच, कागदी नमुना वर ठेवून कडा सुरीने सरळ कापा; गार झाल्यावर तुकडा मोडतो. चार भिंती आयसिंगने (पिठीसाखर आणि अंड्याच्या पांढऱ्याच्या दाट मिश्रणाने) जोडल्या की काही तास हात लावू नका, मग छप्पर. साखरेचं कॅरमल आयसिंगपेक्षा पक्कं धरतं, पण मुलं आसपास असताना ते नको. हातावर पडलं तर भाजतं आणि चिकटून राहतं.

डबे मात्र वेगळे ठेवा. खुसखुशीत आणि मऊ एका डब्यात ठेवलं की मऊतला ओलावा खुसखुशीत खाते आणि दोन्ही बिघडतात. मसाल्याच्या कुकीजजवळ ठेवलेल्या शॉर्टब्रेडला दुसऱ्या दिवशी सुंठेचा वास येतो. नरमलेली साधी कुकी १५० अंशांवर पाच मिनिटं ठेवून गार केली की पुन्हा खुटखुटीत होते.

अंड्यांबद्दलही थोडं: शॉर्टब्रेडमध्ये अंडं नसतंच. आयसिंगसाठी कच्च्या पांढऱ्याऐवजी पाश्चराइज्ड पांढरं किंवा मेरिंग पावडर (वाळवलेल्या पांढऱ्याची भुकटी) घ्या. पूर्ण बिनअंड्याचं हवं असेल तर आयसिंग शुगरमध्ये चमचा-चमचा दूध घालून दाट कालवा. कुकीवर छान बसतं, पण घराच्या भिंती त्यावर उभ्या राहत नाहीत.