फुकट चहाचा बोर्ड लावला, पण कोणी आलंच नाही

प्रश्न : नमस्कार ताई, मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझा छोटा कॅफे आहे, सहाच टेबलं. लॉकडाऊनमध्ये बंद पडायची वेळ आली होती तेव्हा गल्लीतल्या लोकांनी पार्सलं नेऊन नेऊन आम्हाला तगवलं, आता जरा बरं चाललंय तर वाटतं आपणही गल्लीसाठी काहीतरी करावं. म्हणून "गरजूंसाठी मोफत चहा" असा बोर्ड लावला. महिना झाला, दोनच माणसं आली. कुठं चुकलं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : अहो, आधी तो "गरजूंसाठी" शब्द पुसून टाका. घंटागाडीवरच्या मावशी पहाटेपासून राबत असतात, त्या चार गिऱ्हाइकांसमोर "मी गरजू" म्हणत आत येतील का? आपली पाणपोई आठवा, ओलं लाल फडकं गुंडाळलेला माठ, वर पालथा पेला, कोण पाणी पिऊन गेलं हे कोणी विचारत नाही. चहाचंही तसंच करा.

इटलीत नेपल्सला एक जुनी पद्धत आहे, काफे सोस्पेसो. गिऱ्हाईक पैसे दोन कॉफीचे देतं, पितं एकच, दुसरी कोणातरी अनोळखी माणसासाठी ठेवून जातं. मग कोणीही येऊन "सोस्पेसो आहे का?" विचारायचं, असली तर मिळते. देणारा कोण, घेणारा कोण, एकमेकांना पत्ताच नाही, आणि सगळा खर्च दुकानदाराच्या अंगावरही येत नाही, जे तुमच्या सहा टेबलांना फार महत्त्वाचं आहे.

तुम्ही गल्ल्याजवळ एक दोरी बांधा, कपड्यांचे चिमटे लावा आणि पैसे भरलेल्या चिठ्ठ्या अडकवा, "१ चहा", "१ पोहे". ज्याला हवी त्यानं चिठ्ठी काढून द्यायची, की तोच कप, तेच टेबल, तीच बशी. बाहेर उभं करून कागदी कपात देऊ नका, हे अगदी हात जोडून सांगते. फोटो तर नकोच.

छत्तीसगडमध्ये अंबिकापूरला महापालिकेनं २०१९ मध्ये गार्बेज कॅफे काढला, १ किलो प्लास्टिक आणलं की जेवण, अर्धा किलोला नाश्ता. तिथं माणूस हातात काहीतरी घेऊन येतो, त्यामुळं मान खाली घालावी लागत नाही, मला ते फार आवडलं. पण प्लास्टिक ठेवायला जागा आणि ते उचलून नेणारं कोणी लागतं, तुम्हाला एकट्याला झेपणार नाही.

अजून एक, आणि यात काहीच खर्च नाही. तुमचं बाथरूम. झाडू मारणाऱ्या बायका, डिलिव्हरीची पोरं, बंदोबस्ताला उभ्या महिला पोलीस, दिवसभर कुठं जात असतील? कित्येक जणी तर त्या भीतीनं पाणीच पीत नाहीत हो. बोर्डावर आता एवढंच लिहा, "पाणी आणि बाथरूम सगळ्यांसाठी, काही घ्यायची गरज नाही." आणि आतली कडी नीट लागते ना, ते आजच बघून घ्या.