कंपनीचाही सात-बारा असतो

तासगाव तालुक्यातल्या एका बागायतदार वडिलांचं पत्र आहे. मुलगी सांगलीत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सी.ए. करायला तयार नाही. देशोदेशीची कंपनी नोंदणी कार्यालयं एकमेकांशी माहिती जुळवतात, त्या कामात जायचं म्हणते. ते विचारतात, "असं काही क्षेत्र असतं का? मला यातलं काही कळत नाही."

नमस्कार. कळत नाही म्हणू नका. रान विकत घेताना तुम्ही आधी उतारा काढता. मालक कोण, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा आहे का, हे बघता. कंपनीचा उतारा तसाच असतो. संचालक कोण, कर्ज कुणाचं, वर्षाचे हिशेब भरले का, सगळं त्यात दिसतं. आपल्याकडच्या कंपन्यांचा, अगदी शेतकरी उत्पादक कंपन्यांचाही, नोंदींचा कारभार पुण्याच्या कंपनी निबंधकाकडे, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयात चालतो.

खरी अडचण माल देशाबाहेर गेला की येते. माझ्या ओळखीच्या एका बेदाणा व्यापाऱ्यानं ब्रिटनमधल्या खरेदीदाराला उधारीवर माल दिला आणि पैसे बुडाले. नंतर आम्ही तिथलं रजिस्टर उघडलं, तर ती कंपनी सौद्याआधीच नोंदीतून काढून टाकलेली होती. ब्रिटनची ही माहिती 2015 पासून फुकट बघता येते. पाच मिनिटांचं काम होतं हो, पण आम्हा कुणालाच ते ठाऊक नव्हतं. त्या माणसाचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं.

सगळे देश इतके मोकळे नाहीत. कुठे पैसे मोजावे लागतात, कुठे भाषा अडते. कंपनी एका देशात, तिची मालक कंपनी दुसऱ्या देशात आणि खरा मालक तिसऱ्याच ठिकाणी, असंही असतं. म्हणून युरोपीय संघानं 2017 मध्ये आपल्या सदस्य देशांची रजिस्टरं एकमेकांना जोडली. कॉर्पोरेट रजिस्टर्स फोरममध्ये निरनिराळ्या देशांचे निबंधक एकत्र बसतात. कंपनीची ओळख पटवणारा एलईआय नावाचा 20 अक्षर-अंकांचा क्रमांक तर जगभर एकच चालतो. आपल्याकडे मोठं कर्ज घेणाऱ्या कंपन्यांना बँका तो मागतात. तुमची मुलगी जे म्हणते आहे, ते हेच. तिची नजर चांगली आहे.

आता रस्ता. थेट या नावाची नोकरी बी.कॉम.नंतर मिळणार नाही, हे तिला स्पष्ट सांगा. कंपनी सेक्रेटरी, म्हणजे सी.एस., हा मला सगळ्यात भरवशाचा मार्ग वाटतो, कारण रोजचं काम नोंदणीचंच असतं. दुसरा मार्ग यूपीएससीचा. त्यातून इंडियन कॉर्पोरेट लॉ सर्व्हिस मिळते आणि माणूस निबंधक कार्यालयातच अधिकारी होतो. जागा मात्र थोड्या, आणि बदली देशात कुठेही. म्हणून सी.एस. हाताशी ठेवूनच तिकडे वळावं. इंग्रजी कागद न अडखळता वाचता आलाच पाहिजे, त्यात सवलत नाही.

फॉर्म भरण्याआधी एक करा. बागेसाठी औषधं, खतं घेता, त्यांपैकी एखाद्या कंपनीचं लेटरहेड किंवा बिल शोधा. त्यावर 21 अक्षर-अंकांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, छापलेला असतो. पहिलं अक्षर एल असेल तर कंपनी शेअर बाजारात आहे, यू असेल तर नाही. पुढे पाच अंक धंद्याचे, मग राज्याची दोन अक्षरं, जसं एमएच म्हणजे महाराष्ट्र, मग नोंदणीचं वर्ष. मुलीला शेजारी बसवा आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साईटवर तो क्रमांक टाकायला सांगा. ती तासभर त्यातच रमली, तर सी.ए.चा आग्रह सोडा आणि मला पुन्हा लिहा. सी.एस.च्या नोंदणीचं आपण बसून ठरवू.